लेट्यूसविना पोटभरीचे सॅलड : फोंड्याच्या स्वयंपाकघरातील प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२५

फोंड्याहून पणजीला नोकरीसाठी जाताना सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो, ऑफिसात फ्रीज नाही, आणि दुपारचे जेवण यापुढे कच्च्या-उकडलेल्या भाज्या, कडधान्य आणि थोडे स्निग्ध पदार्थ यांचेच असावे असे यजमानांनी आणि मी ठरवले आहे. संध्याकाळपर्यंत पुन्हा भूक लागता कामा नये, ही या कामाची मुख्य अट आहे. असाच डबा करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

लेट्यूस सुरुवातीलाच वगळले. ते थंड हवेचे पीक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत कापलेल्या पानांच्या कडा काही तासांत तपकिरी पडतात आणि पाने लोळतात. शिवाय १०० ग्रॅम लेट्यूसमध्ये जेमतेम १५ कॅलरी असतात आणि सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे त्याने ताट भरलेले दिसते, पोट भरत नाही. म्हणून त्याच्या जागी दुसरे कोणते पान घ्यावे हा शोध मी घेणार नाही. पाया कडधान्याचा असेल आणि भाजी त्यावर येईल.

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन खरेदी केली. भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतांत घेतलेली गावठी भाजी या दिवसांत बाजारात असते, त्यामुळे कामाला आरंभ करण्यास याहून चांगला महिना नाही. पाल्यासकट नवलकोल, पांढरा मुळा, तांबडी भाजी (लाल माठ), कोबी, गाजर, काकडी, टपोरे अळसांदे (मोठ्या दाण्याची चवळी) आणि नारळ घेतले.

१३ जानेवारी

पहिला डबा मुद्दाम नेहमीच्या समजुतीप्रमाणे केला, म्हणजे नेमके काय बिघडते ते कळेल. बारीक चिरलेला कोबी, काकडी, टोमॅटो, लिंबू आणि मीठ सकाळीच एकत्र केले. दुपारी डब्याच्या तळाशी बोटाच्या पेरभर पाणी साचले होते, वरचा कोबी अळणी आणि खालचा खारट लागत होता. साडेतीनला सपाटून भूक लागली, आणि त्यात नवल काही नाही : दीडशे ग्रॅम कोबी, शंभर ग्रॅम काकडी आणि एक टोमॅटो मिळून सुमारे ७० कॅलरीच होतात.

येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे सोडवावे लागतील. एक पाणी आवरण्याचा, दुसरा भूक आवरण्याचा.

१६ जानेवारी

पाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते हे टाळता येत नाही. मग ते पाणी डब्यात सुटण्याऐवजी आधीच ओट्यावर सोडवून घ्यावे, हा उपाय. पाव किलो चिरलेल्या कोबीला एक सपाट छोटा चमचा मीठ चोळून वीस मिनिटे चाळणीत ठेवला आणि मग मुठीत घट्ट पिळला. त्यातून निघालेले पाणी टाकून दिले आणि नंतर वेगळे मीठ घातले नाही. असा कोबी दुपारपर्यंत कोरडा राहतो, लवचिक होतो, तरी दाताखाली कुरकुरतो. काकडी उभी चिरून चमच्याने बियांचा गर काढून टाकला की निम्मे काम होते, उरलेले काम मीठ करते. टोमॅटोचाही बियांचा भाग काढावा. तो गर सारात घालता येतो.

नवलकोलाचे मात्र वेगळे आहे. तो किसला तर पाणी सोडतो, पण काडेपेटीतील काड्यांएवढ्या जाडीचे तुकडे केले तर सहा तास जसाच्या तसा राहतो. साल सुरीने जाडसर काढावी, नाहीतर खालचे धागे तोंडात राहतात. कच्च्या सॅलडसाठी गोव्याच्या हिवाळ्यात याच्याइतकी भरवशाची दुसरी भाजी मला दिसत नाही, आणि तिला लोक केवळ मसाल्याच्या भाजीत घालून मऊ करून टाकतात याचे वाईट वाटते.

२२ जानेवारी

आता भूक. पन्नास ग्रॅम सुक्या अळसांद्यांत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात आणि शिवाय भरपूर चोथा. भिजवून शिजवल्यावर त्यांचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. एका डब्याला एवढे प्रमाण नक्की केले.

कुकर या कामाला उपयोगी नाही. तोणाकासाठी (कडधान्याच्या रश्शासाठी) करतो तसे रात्रभर भिजवून तीन शिट्ट्या काढल्या, तर निम्म्या दाण्यांच्या साली सुटल्या आणि मिसळताना त्यांचा लगदा झाला. दोन शिट्ट्यांना काही दाणे टणक आणि काही फुटलेले असे निघाले. शेवटी उघड्या पातेल्यात, मीठ घातलेल्या पाण्यात, मंद आचेवर शिजवले. साधारण अर्धा तास लागला. वीस मिनिटांनंतर दर थोड्या वेळाने एक दाणा बोटांत दाबून पाहावा. दाबल्यावर मऊ लागला पाहिजे, पण साल शाबूत राहिली पाहिजे. गॅस अधिक जातो, परंतु दाणा अखंड राहतो.

आंबट पदार्थ शिजताना घालू नये, त्याने दाणा लवकर मऊ होत नाही. शिजल्यावर निथळून, फडक्यावर पसरून, दाणे गरम असतानाच लिंबूरस किंवा आगळ (भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, खारवलेला रस) चोळावे. गरम दाणा आंबटपणा आत घेतो. गार झाल्यावर घातलेली आंबट चव बाहेरच राहते आणि आतला दाणा पिठूळ लागतो. एवढ्या एका क्रमाने चवीत जो फरक पडला तो इतर कशानेही पडला नाही.

५ फेब्रुवारी

वरून घालायच्या मिश्रणाची नोंद. घरात खोबरेल तेल असते, म्हणून पहिले मिश्रण खोबरेल तेल, लिंबू आणि मिरी यांचे करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी त्याचा गोळा झालेला होता. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे फ्रीजमधील थंड भाजीवर ते घातले तरी त्याचे पांढरे कण होतात आणि टाळूला चिकटतात. त्याच्या जागी तिळाचे तेल घेतले. ते फ्रीजमध्येही पातळ राहते.

दुसरे मिश्रण घट्ट दह्याचे केले आणि त्यात ताज्या अननसाचे तुकडे घातले. सकाळी चाखले तेव्हा उत्तम होते, दुपारी कडू लागले. ताज्या अननसात प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते, ते दह्यातील प्रथिनांवर काम करते आणि त्यातून कडूपणा येतो. अननस दोन मिनिटे उकळून घेतला तर ते विकर निकामी होते, परंतु मग फळाचा ताजेपणाही जातो. म्हणून अननस आणि दही एका डब्यात नाही, असा नियम केला.

जे टिकले ते असे : दोन मोठे चमचे तिळाचे तेल, एक मोठा चमचा भिरंडाचे आगळ, अर्धा चमचा गूळ, ठेचलेली हिरवी मिरची, थोडे आले, आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट. हे दोन डब्यांना पुरते. आगळात मीठ असतेच, त्यामुळे वेगळे मीठ घालू नये. प्रत्येक घरच्या आगळाचा खारटपणा निराळा असतो, तेव्हा आधी थेंबभर चाखून पाहावे. कूट मिश्रणात घातल्याने ते दाट होते आणि दाण्यांना धरून राहते. हेच मिश्रण डब्याच्या तळाशी, त्यावर अळसांदे, त्यावर नवलकोल आणि गाजर, सर्वांत वर पिळलेला कोबी, अशी रचना केली की कच्ची भाजी जेवणाच्या वेळेपर्यंत आंबटाला शिवत नाही. खाण्यापूर्वी डबा उलटा करून हलवला की काम झाले.

२० फेब्रुवारी

तांबडी भाजी कच्ची घालून पाहिली. कोवळी पानेसुद्धा खरखरीत लागली, मातकट वास राहिला, आणि तिचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असल्याने दुपारपर्यंत मुळा आणि कोबी गुलाबी होऊन गेले. या भाजीत मुतखड्यास कारण ठरू शकणारे ऑक्सलेटही बरेच असते, त्यामुळे रोज कच्ची खाण्याचा आग्रह धरू नये.

उपाय असा ठरला : पाणी खळखळून उकळल्यावर पाने अर्धा मिनिट बुडवावीत, लगेच थंड पाण्यात टाकावीत, आणि घट्ट पिळून घ्यावीत. सुटा रंग आणि ऑक्सलेटचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. जुडी पिळल्यावर लहानशा गोळ्याएवढी उरते, पण तिच्यात चव उरते. बारीक चिरून, लिंबू आणि खवलेले ओले खोबरे लावून ती डब्याच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवली. लिंबातील क जीवनसत्त्व पालेभाजीतील लोह शोषण्यास मदत करते आणि खोबऱ्यातील स्निग्धांशामुळे तिच्यातील कॅरोटीन अंगी लागते, म्हणून ही दोन्ही केवळ चवीसाठी नाहीत. सासूबाई तांबड्या भाजीत नेहमी खोबरे घालत आल्या आहेत, आणि त्या पद्धतीत बदल करावा असे मला कोठेही आढळले नाही.

नवलकोलाची कोवळी पानेही याच रीतीने वापरता येतात. जून पाने सॅलडला चालत नाहीत.

१८ मार्च

अळसांद्यांना आलटून पालटून मोड आलेले मूग घेण्याचा विचार होता. उकाडा वाढल्यावर मोड फार वेगाने येतात. रात्री बांधलेले मूग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बुळबुळीत होऊन त्यांना आंबूस वास आला. ते सगळे टाकून द्यावे लागले.

याबाबतीत मी कडक आहे. मोड येण्यास जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. जर्मनीत २०११ साली ई. कोलाय जंतूंच्या साथीत ५० हून अधिक माणसे दगावली आणि तिचे मूळ मोड आलेल्या कडधान्यांत, बहुधा मेथीच्या बियांत सापडले होते. आपल्याकडे उसळ शिजवून खाण्याची रीत आहे ती योग्यच आहे. आता मोड अर्ध्या सेंटीमीटरचे झाले की मूग चाळणीत पसरून पाच मिनिटे खणखणीत वाफ देते, आणि पसरून गार करते. त्यांचा कुरकुरीतपणा थोडा कमी होतो; ते मान्य आहे. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यासाठी कच्चे मोड घेऊच नयेत.

मुगाबाबत आणखी एक गोष्ट नोंदवते. मोड आलेल्या मुगात पाणी पुष्कळ असल्यामुळे वजनाला प्रथिने कमी पडतात. अळसांद्यांच्या वाटीएवढीच मुगाची वाटी घेतली तर डबा हलका पडतो, म्हणून त्या दिवशी शेंगदाणे दुप्पट घ्यावे लागतात.

९ एप्रिल

खोबरे आंबले. दुपारी तांबड्या भाजीचा कोपरा वास मारू लागला होता आणि तो भाग खाता आला नाही. खवलेले ओले खोबरे या उष्म्यात टिकत नाही हे गोव्यात कोणाला सांगण्याची गरज नाही, पण हिवाळ्यात ते टिकत होते म्हणून पद्धत तशीच चालू राहिली होती. आता दोन पर्याय वापरात आहेत : खोबऱ्याच्या कातळ्या कोरड्या तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत भाजून घालणे, किंवा खोबरे पूर्णपणे सोडून त्या दिवशी तीळ भाजून घालणे.

मोठा बदल मात्र वेगळाच झाला. शिजवलेले अळसांदे रविवारी एकदम करून, एका डब्याच्या मापाने लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवू लागले. सकाळी गोठलेलेच डब्यात घातले की ते सावकाश सुटतात आणि तोपर्यंत डबा थंड ठेवतात. सोबत जाड कापडाच्या पिशवीत गोठवलेली पाण्याची लहान बाटली असते. शिजवलेले अन्न दोन तासांहून, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. सहा तासांच्या डब्याला ही थंडाई नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत हा प्रकार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोठवल्याने दाण्याच्या चवीत काही फरक पडला नाही, सालीत किंचित पडला.

कैरी आल्यामुळे लिंबाची गरज संपली आहे. कैरी किसून घालण्याऐवजी अगदी बारीक फोडी कराव्यात. ओल्या काजूच्या बिब्ब्यांचेही (कोवळ्या गरांचेही) हेच दिवस आहेत, आणि कैरी, बिब्बे, काकडी हे मिश्रण अप्रतिम होते. पण बिब्बे शेकड्याने विकले जातात आणि त्यांचा भाव पाहता ते रोजच्या डब्यात बसत नाहीत. ते एका रविवारी घरीच केले.

३० एप्रिल

प्रथिने पुरेशी असूनही यजमानांना काही दिवस चारला भूक लागत होती. त्यांचे काम फिरतीचे आहे, माझे बैठे आहे. एकच माप दोघांना लागू पडत नाही, हे त्यावरून दिसले. त्यांच्या डब्यात उकडलेल्या रताळ्याच्या शंभर ग्रॅम फोडी घातल्या आणि तक्रार थांबली. रताळे सालीसकट उकडून पूर्ण गार झाल्यावर कापावे; गरम कापले तर त्याचे पीठ होऊन सगळ्या भाजीला लागते.

रताळ्याऐवजी उकड्या तांदळाचा मोकळा भातही घालून पाहिला. चव चांगली होती, परंतु तो बंद केला. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उबदार राहिला की ती वाढून पोट बिघडवणारे विष तयार करतात. भात घालायचा तर शिजल्याबरोबर पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि घरीच खावा.

२८ मे

यंदा पाऊस मे संपण्याआधीच उतरला आणि त्याबरोबर सगळी व्यवस्था बदलली. गावठी भाजी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे; बेळगावहून येणारा कोबी, गाजर, बीट हेच हाताशी आहे. कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते. पालेभाजीत इतका चिखल येतो की ती कच्ची वापरण्याचा प्रश्नच नाही. अळू आणि तेरे (रानअळू) यांत घशाला खाजवणारे स्फटिक असतात, त्यामुळे मिरगाच्या या भाज्या सॅलडच्या वाटेला नेऊच नयेत. त्यांचे स्थान शिजवलेल्या भाजीतच आहे.

बीट कच्चे किसून घातले तर तांबड्या भाजीसारखाच रंग पसरतो. उकडून, फोडी करून, आगळ लावून सर्वांत खालच्या थरात ठेवले तर चालते.

२५ जून

पावसाळ्यासाठी तीन गोष्टी हाती लागल्या आणि तिन्ही अंगणातल्या किंवा शेजारच्या आहेत.

कच्ची पपई सर्वांत उपयोगी ठरली. सोलून, बिया काढून, लांब किसून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी, म्हणजे चीक निघून जातो. मग पिळून घ्यावी. ती सहा तास कडक राहते. शेंगदाणे, मिरची, गूळ आणि आंबट यांच्याबरोबर ती फार चांगली लागते. दह्याबरोबर मात्र नको, कारण अननसाप्रमाणे हिच्यातही प्रथिने तोडणारे विकर आहे. गर्भवतींनी कच्ची पपई घेऊ नये.

केळफूल चिरले की काळे पडते. सासूबाईंनी ते चिरता चिरता थेट ताकात टाकावयास सांगितले, त्याने रंग टिकला आणि तुरटपणाही उतरला. प्रत्येक फुलातील कडक दांडी आणि पारदर्शक पाकळी काढावीच लागते, आणि ते काम वेळखाऊ आहे. एका केळफुलाला पाऊण तास गेला. ते ताकातून काढून दहा मिनिटे वाफवले आणि अळसांद्यांत मिसळले. कामाच्या दिवशी हे जमणार नाही.

नीरफणस हा रताळ्याला पर्याय म्हणून घेतला. काप उकडून मिठाच्या पाण्यातून काढले तर घट्ट राहतात, आणि खोबऱ्याच्या भाजलेल्या कातळ्यांशी त्यांचे चांगले जमते. एक मध्यम नीरफणस दोघांना तीन डब्यांना पुरतो. कापल्यावर त्याचाही चीक हाताला चिकटतो, म्हणून सुरीला आधी तेल लावावे.

११ जुलै

खर्चाचा हिशेब मांडला. अळसांदे, दोनशे ग्रॅम भाजी, तीस ग्रॅम शेंगदाणे, तेल, आगळ आणि खोबरे मिळून एका डब्याला साधारण ५० रुपये पडतात. नारळ यंदा महागल्यामुळे सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. खोबऱ्याऐवजी तीळ घेतले तर आठ-दहा रुपये कमी होतात. सकाळी डबा भरण्यास पंधरा मिनिटे लागतात, पण ती पंधरा मिनिटे रविवारच्या दीड तासावर उभी आहेत : कडधान्य शिजवणे, शेंगदाणे भाजून कूट करणे, मिश्रणाची बाटली भरणे. रविवारी ते झाले नाही तर त्या आठवड्यात डबा होत नाही, असाच अनुभव आहे.

फ्रीजमध्ये शिजवलेले दाणे तीन दिवसांपलीकडे ठेवू नयेत, त्यानंतर त्यांना तार येते. त्यामुळे बुधवारनंतरचा वाटा फ्रीझरमध्येच जावा. वीज गेली तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतोच. दाणे सुटले तरी अजून गार असतील तर ते त्याच दिवशी फोडणी देऊन, नीट उकळून संपवावेत; कोमट झाले असतील तर टाकून द्यावेत.

पुढचे काम तवशांचे आहे. पावसाळी गावठी तवसे बाजारात दिसू लागले आहे. ते बाजारी काकडीपेक्षा मोठे, बियांचे आणि पाणीदार असते, आणि मिठाचे जे माप काकडीला चालले ते त्याला पुरेल असे वाटत नाही. गर काढून, माप वाढवून पाहायचे आहे.